पाहणीच्या आदल्या दिवशी

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लांब नाही. दोन जावांची आहे. ऐकता ऐकता आपल्याच घरातलं कुणी आठवलं, तर दोष माझा नाही.

थोरली आणि धाकटी मिळून लोकांची घरं साफ करून द्यायच्या. काम उभं केलं थोरलीने. हाताशी दोन बायका घेऊन ती स्वतः फरशी घासायला बसायची. धाकटी लग्न होऊन आली ती गोड बोलणारी, अदबीची. म्हणून थोरलीने पाहणीचं काम तिच्यावर सोपवलं. पाहणी म्हणजे गिऱ्हाइकाचं घर बघून सफाईचे किती पडतील ते सांगून यायचं. एकदा सांगितलेला आकडा मागाहून वाढवायचा नाही, हा थोरलीचाच नियम.

आणि इथेच माशी शिंकली.

धाकटी आकडा सांगून यायची तो नीटनेटक्या घराचा. सफाईला गेलं की समोर भलतंच घर! शेगडीमागच्या भिंतीला बोट लावावं तर बोट चिकटून बसावं. न्हाणीघराचे कोपरे काळे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या घरी थोरली दुखरा खांदा धरून खाली बसली, तेव्हा घरची बाई चहाचा कप पुढे करत म्हणाली, "तुमच्या जाऊबाई फार चांगल्या हो. आम्हाला अगदी सांभाळून घेतलं."

सांभाळून घेतलं? थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

मन एकदा गढूळ झालं, की त्यात देवाचासुद्धा चेहरा वाकडाच दिसतो. धाकटीची काय कथा! ती फोन घेऊन गॅलरीत गेली, की थोरलीचे कान टवकारायचे. ती हसली की वाटायचं, आपल्यालाच हसली. त्यात तिच्या पायात नवे सँडल आले.

"ती गिऱ्हाइकांकडून परस्पर पैसे घेते आणि आकडा पाडून सांगते," थोरली नवऱ्याला म्हणाली.

"पुरावा काय?"

"सँडल नवे आहेत."

"मग मीही खात असणार. माझा बनियन नवा आहे."

"तुम्हाला सगळी थट्टाच! इथे माझे हात झिजतायत. खरं निघालं ना, तर ती आपल्या वाटेने आणि मी माझ्या. तोंड बघणार नाही पुन्हा."

तिने सापळा लावला. शाळेतल्या एका मैत्रिणीचं घर तिने आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं. पंख्यावरची धूळ ताटात पडेल असं. धाकटी त्या मैत्रिणीला ओळखत नव्हती. थोरलीने मैत्रिणीला पढवलं, "पाहणीला बोलाव. एक पाकीट पुढे कर आणि म्हण, आकडा जरा कमी लावा. मी आतल्या खोलीत असेन."

ठरल्या दिवशी थोरली जराशी आधी पोचली. चपला तिने चपलांच्या मांडणीमागे सरकवल्या आणि आत पाऊल टाकलं, तर मैत्रीण स्टुलावर चढून पंखा पुसत होती! ओटा लखलखत होता.

"अगं, काय केलंस हे? मला घाण हवी होती!"

"तुला काय जातं म्हणायला? काल तुझ्या जावेचा फोन आला. 'उद्या दहाला येते हं, चालेल ना?' इतकं आर्जवाने बोलली. आता परकी बाई येऊन घरभर बघणार, आणि तिला मी हा उकिरडा दाखवू? कालपासून घासतेय. कपाटात जे कोंबलंय ते बघू नकोस, अंगावर येईल."

थोरली जागच्या जागी थांबली. ती स्वतः पाहणीला जायची तेव्हा कधी आधी कळवत नसे. बेल वाजवायची आणि आत शिरायची.

तेवढ्यात बेल वाजली. थोरली पडद्याआड झाली. आकड्याचा उलगडा झाला होता, पाकिटाचा राहिला होता.

धाकटीने खोल्या पाहिल्या, घराचं कौतुक केलं. मैत्रिणीने पाकीट पुढे केलं. "हे तुम्हाला. तेवढा आकडा जरा कमी लावा."

"अहो, ते आत ठेवा आधी," धाकटी हसत म्हणाली. मग हसू थांबलं. "घासायला माझी जाऊ येते. तिचा खांदा रात्री भरून येतो, मीच तेल चोळते. तिच्या कामातले पैसे मी कापू होय? आकडा घर बघून. तुमचं तर आरशासारखं आहे, पैसे कमीच लागतील."

पडद्याआड थोरलीने पदर तोंडात धरला.

धाकटी निघाली. सँडल घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मांडणीमागे हात घालून तिने चपला बाहेर काढल्या. एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. तो तिनेच शिवला होता. पडद्याकडे तिने पाहिलं नाही. चपला नीट जोडून ठेवल्या, बोटं दाराकडे, आणि ती निघून गेली.

घरी थोरली तिच्यासमोर बसली. धाकटीच म्हणाली, "ताई, विचारायचं होतंत ना. मी सांगितलं असतं."

"चुकले गं."

"मग बसा पुढे होऊन. तेलाची वाटी गार होतेय."

खांदा चोळून घेता घेता थोरलीने आदल्या दिवशीच्या फोनमुळे झालेला घोळ सांगितला. धाकटी कपाळाला हात लावून हसत सुटली. "म्हणजे लोक माझ्यासाठी वरवर पुसून सगळं झाकतात, आणि दोन दिवसांत घर होतं तसं! पण ताई, न कळवता कसं जायचं कुणाकडे?"

शेवटी ठरलं, फोन करायचा, पण वर सांगायचं, 'घर आवरू नका, आवरायचेच तर आम्ही पैसे घेतो.' पहिला फोन धाकटीने थोरलीसमोर लावला. पलीकडची बाई म्हणाली, "छे छे, मुळीच नाही आवरत," आणि मागे खसाखसा ब्रश चालल्याचा आवाज.

"दोघी जाऊ," थोरली म्हणाली. "तू बोल, मी कपाटं उघडते."

तर मंडळी, कुणाविषयी मनात काजळी धरली, की त्या धाकटीला आठवा. लपवून ठेवलेल्या चपला हाती लागूनही तिने त्या सरळ करून ठेवल्या. तेवढी तिची आठवण असू द्या.