डेन्मार्कचा परब

कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण ही एवढीशी फेडरची खुंटी — बोटाच्या पेराएवढी, काळी, मधोमध पांढरी रेघ — गेली अकरा वर्षं अख्ख्या वेसाव्याचा आवाज वर-खाली करत आली होती. आणि आत्ता ती चंद्रप्रकाश धुरींच्या तळहातावर पडलेल्या दातासारखी पडली होती. एका बाजूची कड झिजून गुळगुळीत. ती पुतळाबाईंच्या अंगठ्याची कड. रोज सकाळी नऊला त्या ही खुंटी वर सरकवायच्या, माइक उघडायचा, आणि खाडीपासून यारी रोडपर्यंत घराघरांतून भरतीची वेळ, मासळीचे भाव आणि कुणाच्या तरी सुनेचा उद्धार ऐकू जायचा. आज नऊला खुंटी वर गेली आणि पुतळाबाईंऐवजी तव्यावर सुके बोंबील पडावेत तशी चरचर ऐकू आली.

पहिल्यांदा नव्हे. पण या वेळी नेमका निमेश खाली टपरीवर चहा पीत रेडिओ ऐकत उभा होता. निमेश म्हणजे ‘रेडिओ डोलकाठी’ चालवणाऱ्या ट्रस्टचा सेक्रेटरी, पुतळाबाईंच्या भावाचा मुलगा. वर आला, दारातूनच म्हणाला, “काका, अकराला बसू या. आत्या पण असेल. कन्सोल ठेवायचा का काढायचा, एकदाच काय ते क्लियर करून टाकू.” आवाजात राग नव्हता. राग असता तर धुरींना बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. हा पोरगा मायेने बोलतो, आणि मायेने बोलणाऱ्याच्या हातात नेहमी कसला तरी कागद असतो.

काढायचा… म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. कन्सोलच्या, म्हणजे सगळे आवाज मिसळणाऱ्या त्या डेन्मार्कच्या यंत्राच्या, जागी एक लॅपटॉप आणि टिफिनच्या डब्याएवढी पेटी येणार. बिघडलं तर अंधेरीहून एक माणूस मोटरसायकलवर तासाभरात येणार. मग दिंडोशीहून रोज दोन बस बदलून येणाऱ्या, एकसष्टी उलटलेल्या इंजिनियरचं इथे काम काय? लॅपटॉपला धुरी लागत नाहीत. कन्सोलला लागतात — किंवा धुरींना कन्सोल लागतो, कुणाला काय लागतं हे इतक्या वर्षांनी सांगणं अवघड आहे.

त्यांनी दोन स्क्रू फिरवून सातव्या चॅनेलची पट्टी उपसली. या कन्सोलचं हे बरं होतं: एकेका आवाजाची एकेक उभी पट्टी, खालून वरपर्यंत स्वतंत्र, कपाटातल्या खणासारखी ओढून काढावी आणि दुसरीकडे बसवावी. बारा पट्ट्या होत्या. आज सकाळपर्यंत जिवंत पाच. आता सातवी या मेलेल्या तिसरीच्या जागी बसवली की चार. खाली मच्छीमार सोसायटीचं बर्फाचं गोदाम, खिडकीबाहेर खारा वारा. या हवेत तांबं हिरवं पडतं आणि चांदी काळी, तिथे बिचाऱ्या फेडरचं काय… मेलेल्या पट्ट्यांच्या जागी धुरींनी पत्रे ठोकले होते. कुणी विचारलं तर उत्तर तयार — “प्रेबेननेच सांगितलंय, दमट हवेत मध्ये मोकळी जागा ठेवा, यंत्राला श्वास घेता येतो.” आणि माणसं मान हलवायची. डेन्मार्कच्या माणसाने सांगितलंय म्हटल्यावर काय.

प्रेबेन खरा होता. हे लक्षात ठेवलं पाहिजे, धुरींनी स्वतःशीच म्हटलं, निदान मी तरी. कन्सोल बसवून आठवडा झाला होता आणि त्याच्या पोटातून घूंऽऽ असा भुंगा घुमायला लागला. कंपनीला फोन लावला. दुसऱ्या घंटीला उचलला. पलीकडचा माणूस, तोच प्रेबेन, म्हणाला, फोन यंत्राच्या पोटाला लाव. लावला. मी इथे वेसाव्यात कन्सोलवर फोन दाबून उभा, आणि तो तिथे बर्फात कान लावून बसलेला, वैद्याने नाडी बघावी तसा. दहा सेकंद गेले असतील. मग म्हणाला — डावीकडून तिसरा कपॅसिटर, त्याचा एक पाय नीट डागला गेला नाही. माझीच चूक, त्या शुक्रवारी मी घाईत होतो. उघडून पाहिलं. डावीकडून तिसरा. पाय लुळा.

यातला शब्द न् शब्द खरा होता आणि नेमका हाच किस्सा कधी कुणाला पटला नाही. ऐकणारे हसायचे. “धुरी, सोडता पण किती.” पुढे जे जे रचून सांगितलं ते मात्र सगळ्यांनी मुकाट गिळलं.

चार-पाच वर्षं सगळं झकास चाललं. पार्ट मागितला की पंधरा दिवसांत खोका हजर, आत प्रेबेनच्या हातची चिठ्ठी. त्याचं नाव इथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पुतळाबाईंनी त्याचं परब करून टाकलं. परबाचा फोन आला का, परब काय बोलला. धुरी मूळचे कुडाळकडचे, त्यांना परब ऐकून गुदगुल्या व्हायच्या. आणि मग डोक्यातला प्रेबेन हळूहळू मालवणीच बोलायला लागला — काय रे चंदू, काय म्हणता तुझा यंत्र?

…आणि मग ते पत्र. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. या मालिकेतील उत्पादनांचा सेवाकाल समाप्त झाला आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. खाली सही नाही, नाव नाही. नव्या नंबरवर फोन लावला तर यंत्रातली बाई म्हणाली एक दाबा, दोन दाबा. चार दाबलं की पुन्हा एकवर. प्रेबेनच्या पत्त्यावर मेल टाकला, तो तसाच परत आला, असा कुणी इसम इथे नाही म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी निमेशच्या आधीचा सेक्रेटरी सहज विचारत होता, “काय म्हणतो तुमचा परब?” आणि धुरी म्हणाले, “मजेत आहे.”

मी दुसरं काय केलं? कंपनीने त्याला काढला. मी नाही काढला, एवढंच.

सहा वर्षं. सहा वर्षांत जो जो फेडर गेला त्याच्या जागी कन्सोलच्याच अंगावरची दुसरी पट्टी बसली, आणि ती प्रत्येक पट्टी डेन्मार्कहून आली. उशीर झाला की त्याला कारण लागायचं. मग कधी तिकडे बर्फ पडायचा, कधी बंदरावर संप व्हायचा, कधी परबाच्या घरात काहीबाही निघायचं. माणूस एकदा पाळला की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. धुरी घालत गेले. आणि खोटं कशाला बोला, गोडीही लागत गेली.

इंजिनियरांच्या ग्रुपवर तर फारच. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या सगळ्या रेडिओ स्टेशनांतली निवृत्त, अर्धनिवृत्त खोडं त्या ग्रुपवर दिवसभर एकच दळण दळायची. कुठला कन्सोल लोखंड, कुठला प्लास्टिक; कुणाचं बटण दाबल्यावर दाबल्यासारखं वाटतं, कुणाची कंपनी विकेपर्यंत मुलीचा बाप आणि विकल्यावर मुलाचा बाप. बोरिवलीच्या सुनंदाने एकदा लिहिलं होतं, “कन्सोलचा दर्जा विकत घेताना कळत नाही. फोन कुणी उचलत नाही त्या दिवशी कळतो.” त्याखाली धुरींनी लिहिलं, “आमचा प्रेबेन अजून उचलतो.” लगेच अंगठ्यांची रांग. सुनंदाकडे हाच कन्सोल, याच साच्यातला. तिने तीनदा विचारलं, मला त्याचा नंबर दे रे. धुरी म्हणाले, तो अनोळखी माणसाशी बोलत नाही, लाजाळू आहे.

गेल्या दिवाळीत तिने फोटो टाकला. तिचा कन्सोल हातगाडीवर आडवा, एक फेडर गेला म्हणून मॅनेजमेंटने अख्खा मोडीत काढलेला. खाली ओळ — “अकरा पट्ट्या ठणठणीत आहेत. कुणाला हव्यात का? संध्याकाळपर्यंत सांगा, मग भंगारवाला नेईल.” अकरा. धुरींनी ओळ पुन्हा वाचली. अकरा पट्ट्या म्हणजे अजून दहा वर्षं, म्हणजे… त्यांनी ‘मला’ असं लिहिलं. पाठवायच्या आत घाटकोपरच्या कुणीतरी लिहून टाकलं, “धुरींना विचारू नका, त्यांचा माल थेट डेन्मार्कहून येतो.” पुढे दात काढलेला चेहरा. धुरींनी ‘मला’ पुसलं. नमस्काराचे हात टाकले. संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसले, आणि संध्याकाळ झाली.

पट्टी खाचेत बसली. खट्. हा आवाज मात्र अजून पहिल्या दिवसासारखा. त्यांनी माइकवर बोट वाजवलं, खुंटी वर सरकवली, आवाज निर्मळ. कुणी म्हणेल का की आत चारच उरल्यात म्हणून.

अकराला निमेश खुर्ची ओढून बसला, पुतळाबाई तीन चहा घेऊन आल्या. पासष्टीच्या बाई, कानांत सोन्याच्या जुन्या वेढ्या, बाजारात बसायचं सोडलं तरी बसण्यात तोच ऐसपैसपणा. त्यांनी जाता जाता खुंटी वर-खाली करून बघितली. “झाला काय बरा?”

“झाला.”

“बघ,” त्या निमेशला म्हणाल्या.

“बघतोय मी, आत्या.” निमेशने लॅपटॉप मिटला. “काका, फिरवून नाय विचारत. कंपनी सपोर्ट देते का नाय?”

“देते ना.”

“म्हणजे आता, या साली?”

“परवाच बोललो प्रेबेनशी. पार्ट निघालाय तिकडून.”

“अरे, परब कवा नाय बोललाय का?” पुतळाबाई म्हणाल्या. “देवमाणूस हाय तो. तुझ्या त्या अंधेरीवाल्याला साधा नमस्कार करता येत नाय.”

“देवमाणूस असू दे गं. फोन उचलतो का, एवढंच माझं म्हणणं.” निमेश धुरींकडे वळला आणि — इथेच घात झाला — हसला. “काका, मना पण हा कन्सोल काढायची हौस नाय. एक काम करा. त्याला स्पीकरवर घ्या. अजून पाच वर्सं पार्ट देईन, एवढं त्याच्या तोंडून ऐकू दे. विषय खल्लास. मी स्वतः ट्रस्टला लिहून देतो, कन्सोल राहणार आणि काका राहणार.”

असा उघडा दरवाजा धुरींनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पलीकडे सगळं होतं, फक्त एक माणूस नव्हता. त्यांच्या मनात आलं, आत्ता सांगावं. निमेश, बाळा, पट्ट्या चार उरल्यात… तोंड उघडलंही. पण सहा वर्षं ज्या तोंडाला एकच वाट ठाऊक, ते आयत्या वेळी दुसरीकडे कुठे वळणार. पाय आपोआप घराकडे वळावेत तशी जीभ वळली.

“तिकडे आत्ता ऑफिसही उघडलं नसेल.”

“मग दुपारी लावू.”

“दुपारी नाही मिळायचा. सुटीवर निघालाय तो. बायकोला घेऊन. त्यांच्याकडे एक बेट आहे, तिथे सगळे जातात उन्हाळ्यात. ती किती दिवस मागे लागली होती त्याच्या.” धुरींना बेट दिसायला लागलं. पांढरं कुंपण, सायकली, वाऱ्यावर उडणारी तिची टोपी. “फोनबिन काही नेत नाहीत. पंधरा दिवस.”

निमेशने गाल खाजवला. “पंधरा दिवस ना? थांबू. एवढी वर्सं थांबलो.”

एवढ्यावर सुटलो. धुरींच्या छातीवरची धोंड उतरली आणि उतरताना त्यांनी पाहिलं, की ती जाऊन पलीकडे, सोळाव्या दिवशी, नीट मांडून बसली आहे. तरी पंधरा दिवस. पंधरा दिवसांत माणूस काहीही… त्यांनी चहाचा कप उचलला. पुतळाबाईंनी त्यांचा खाली ठेवला होता.

“कंची बायको?”

“आं?”

“परबाची. कंची बायको नेली त्यानं बेटावर?” बाई नेहमीच्याच आवाजात विचारत होत्या, भाव विचारावा तशा. “ती मेली ना. दोन वर्सांमागं, तो पावरचा डबा येत नव्हता तवा. तुमीच आलात हितं, डोळं लाल करून. परब कामावर येत नाय, बायको गेली त्याची, डबा उशिरा येईल म्हणून. मी दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात तिचं नाव घेतलं. घरी जाऊन रडले. तिच्या नावाचा नारळ सोडला खाडीत.”

निमेश एकदा आत्याकडे, एकदा काकांकडे बघत राहिला.

दुसरं लग्न. उत्तर तर केव्हाचं जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं — उतारवयातलं लग्न, चर्चमध्ये मोजून सात माणसं, नवरीही विधवाच, शाळेत शिकवायची — सगळं झगमगीत, अंगावर कपडे घालून तयार, फक्त दार उघडायचा अवकाश. निमेशला पटलंही असतं. पण धुरींना ती नारळ घेऊन पाण्यात उतरलेली बाई दिसत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेली, कधीच नसलेल्या एका बाईसाठी ओठ हलवणारी; आणि त्या नवरीला आत घ्यायला त्यांच्याने उठवेना. आधी ही लाज असावी असं त्यांना वाटलं, पण लाज नव्हती ती. प्रेबेन गेला होता. सहा वर्षांपूर्वी गेलेला माणूस आत्ता, या खोलीत, चहा निवत असताना जात होता, आणि त्याच्यासाठी रडायची सोयसुद्धा आता उरली नव्हती.

“खोटं बोलताय तुमी, धुरी,” पुतळाबाई म्हणाल्या.