मागच्या सीटचं सामान

“असं सगळं मागं लादलंस तर पुढचं चाक हवेत जाईल, अण्णा. मग तुळजापूर बाजूला राहील नि सरळ वैकुंठाला पोचशील,” नागोजी म्हणाला आणि त्यानं कॉफीचा उरलेला घोट घशात ओतला.

नागोजी शेजारचा. कधीतरी एकदा स्कूटरवरून उटीला जाऊन आला होता. तेव्हापासून चामराजपेटेत कुणी स्कूटर घेतली की हा सल्ला द्यायला हजर. सल्ला फुकट, पण कॉफी दोनदा लागायची. उमाजीनं मान डोलावली आणि बायकोकडं पाहिलं. लॉरी कंपनीच्या ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं गावोगाव धाडलेला माणूस, पण स्वतः म्हैसूरच्या पलीकडं गेला नव्हता.

रत्नाबाई स्कूटरभोवती फिरत होती, खांद्यावर दोरी टाकून. उदबत्तीच्या कारखान्यात पुडे भरण्यात तिचा जन्म गेलेला. जिथं पाच पुडे मावतात तिथं सहावा कसा बसवायचा हे तिला नागोजीनं सांगायची गरज नव्हती.

“जड ते पुढं, पायाशी,” ती म्हणाली. “पान्हे, ऑइलचा डबा, फिरकीचा तांब्या. मागच्या कॅरियरवर वळकटी तेवढी. आता बोला.”

“सरी, सरी, बरोबर,” नागोजी म्हणाला. “माझं पण तेच म्हणणं होतं.”

उमाजी स्कूटरसाठी नंबर लावून बसला होता तेव्हा रत्नाबाईच म्हणाली होती, नंबर लागू दे, पहिली लांबची फेरी तुळजापूरला, आईच्या दारात. वर्षांमागून वर्षं गेली, आणि एकदाचा नंबर लागला. घरात देवीचा चांदीचा टाक होता. कुणी पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून इकडं आला तेव्हा तो कमरेला बांधून आणलेला, असं घरात सांगत. तेव्हापासून टाक काही तुळजापूरच्या आईला भेटला नव्हता. आता भेटणार होता, घोड्याऐवजी स्कूटरवरून.

पण रीत अशी, की टाक भेटीला नेला तरी देव्हारा ओस पडू द्यायचा नाही. टाकाच्या जागी सुपारी मांडायची आणि टाक परत येईपर्यंत तिच्यापुढचा दिवा घरच्याच माणसानं राखायचा. शेजाऱ्याचा दिवा चालत नाही, लग्न होऊन दावणगेरेला गेलेल्या मुलीचाही चालत नाही. म्हणून नवरा गेल्यापासून याच घरात असलेली उमाजीची थोरली बहीण कौशल्याअक्का घरी राहणार आणि रत्नाबाई मागच्या सीटवर बसणार, हे आपोआप ठरलं. त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नव्हती.

रत्नाबाई हरखून गेली होती. तिनं बसायचीही तालीम केली होती. माजघरात तांदळाचं पोतं आडवं घालायचं, त्यावर दोन्ही पाय डावीकडं सोडून बसायचं आणि उजव्या हातानं समोरच्या खांबाला धरायचं. अक्का हसून हसून बेजार व्हायची. “वळण आलं, कल गं कल,” म्हणायची. मग रत्नाबाई कलायची. कारखान्यातल्या बायकांनी वर्गणी काढून तिला डोक्याला बांधायला गुलाबी स्कार्फ घेतला होता. पन्नाशीला आलेल्या बाईला गुलाबी स्कार्फ. पण तिनं तो रोज रात्री उघडून पाहिला.

दुपारनंतर पेठेतल्या मराठ्यांच्या घरातून ओट्या यायला लागल्या. देवीला जाणाऱ्याच्या हाती खण-नारळ धाडायचा, हाही रिवाज. खणांचं काही नाही, घडीवर घडी बसते. पण नारळ? बघता बघता अंगणात नारळांचा ढीग झाला.

“हे सगळे न्यायचे तर लॉरीच बुक करावी लागंल,” उमाजी म्हणाला. “आमच्या ऑफिसात सांगू काय?”

रत्नाबाईनं त्यातला एक चांगला भरीव नारळ उचलला आणि आलेल्या प्रत्येक बाईला त्याला हळदकुंकू लावायला लावलं. “तुमचा पण हाच, तुमचा पण हाच. आई काय घर बघून नारळ मोजत बसत नाही,” ती म्हणाली. एक-दोघी नाक मुरडत होत्या, पण उरलेल्या नारळांच्या वड्या घरोघर येतील म्हटल्यावर त्यांनीही बोट कुंकवात बुडवलं.

सगळं बसलं. दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, भातात कालवायचं पुळियोगरेचं आंबट गोज्जु, जादा प्लग, क्लचची वायर. टाक उमाजीच्या कोटाच्या आतल्या खिशात. रत्नाबाईनं शेवटची गाठ मारली आणि तेवढ्यात अक्का आली. तिच्या हातात मुठीएवढी पुरचुंडी होती.

“स्वल्प जागा असली तर हे पण घाल,” अक्का म्हणाली. “नसली तर राहू दे.”

“काय आहे, अक्का?”

“याचे वाळे. पायातले.” अक्कानं उमाजीकडं बोट दाखवलं. उमाजी वाकून टायरची हवा बघत होता. “पायरीवर ठेव, म्हणजे झालं.”

रत्नाबाईनं पुरचुंडी सोडली. आत काळे पडलेले दोन चांदीचे वाळे होते, इवलेसे. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं ते कधी पाहिले नव्हते.

“आमची आई गेली आणि तिच्यामागं याला देवी आल्या,” अक्का सांगू लागली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, कालचं काही सांगावं तसं ती सांगत होती. “फोडांनी अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. मी परकरातली पोर. काय करणार? वाळे काढून घेतले आणि म्हटलं, याला वाचव, मी याला कडेवर घेऊन तुझ्या पायरीशी येते.” मग ती हसली. “आता कडेवर घ्यायचं वय राहिलंय काय त्याचं? आणि कुठं तुळजापूर, कुठं मी. तू नेतेस ना, तेच पुष्कळ.”

अक्का आत गेली. रत्नाबाई वाळे घेऊन जागा शोधू लागली. पान्ह्यांच्या पिशवीत टाकावेत तर ऑइलचा वास. डब्यात टाकावेत तर चटणी. ओटीच्या खणात ठेवले, पुन्हा काढले. स्वतःच्या गाठोड्यात, हिरव्या साडीच्या घडीत ठेवले, तेही काढले. अख्खं बिऱ्हाड दोन चाकांवर बसवणाऱ्या बाईला एवढ्याशा वाळ्यांना जागा सापडेना.

मग ती पायरीवर बसली. तिला स्वतःचाच राग आला. काय करायचं ते तिला कळून चुकलं होतं, पण तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. चित्रदुर्गाचा किल्ला लांबून बघायचा होता, कृष्णा ओलांडायची होती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाऱ्यावर तो गुलाबी स्कार्फ उडवायचा होता. देवीला हे सांगून काय उपयोग? देवी बाईमाणूसच होती, तिला कळत असणारच.

थोड्या वेळानं ती उठली आणि आपलं गाठोडं सोडून घरात नेऊन ठेवलं.

“अक्का, तुमची दोन लुगडी काढा,” ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली. “मागच्या सीटवर तुम्ही बसायचं. दिवा मी राखते.”

अक्काच्या हातातली पळी थांबली. “वेडी काय? मी साठीची म्हातारी.”

“मार्केटातनं पाच शेर भाजी डोक्यावरनं आणता, तेव्हा नाही म्हातारी?”

“आणि मी अशी, बिनकुंकवाची. ओटी कशी भरणार?”

“ओटी पुजारणीच्या हातानं भरवा. नवस बोललात तेव्हा आईनं कुंकू विचारलं नव्हतं, फेडताना कशाला विचारील?”

अक्का चुलीकडं तोंड करून उभी राहिली आणि पदरानं नाक पुसत राहिली. उमाजी दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“आणि तुझं?” तो म्हणाला.

“माझं काय? तुमच्या स्कूटरला आता नंबर लावायचा नाही ना परत?”

उमाजी हसला नाही. तिच्या हातातली दोरी घेऊन तो स्कूटरकडं गेला आणि सगळ्या गाठी सोडून ठेवल्या, कारण सामान आता नव्यानं बांधावं लागणार होतं.

पहाटे निम्मी पेठ रस्त्यावर आली. अक्का नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आली, उमाजीच्या खांद्याला धरून तिनं टांग टाकली आणि दोन्हीकडं दोन पाय सोडून ऐटीत बसली. बायांनी तोंडाला पदर लावले. नागोजीनं मागं-पुढं जाऊन तोल पाहिला.

“याला म्हणतात बॅलन्स,” तो म्हणाला. “मी हेच सांगत होतो.”

रत्नाबाईनं वाळे अक्काच्या कनवटीला खोचले आणि गुलाबी स्कार्फ तिच्या डोक्याला बांधला. अक्का नको नको म्हणत होती. “गप बसा, कानाला वारा लागेल,” रत्नाबाई म्हणाली आणि हनुवटीखाली दुहेरी गाठ मारली. स्कूटर निघाली. वळणावर अक्का अगदी बरोबर कलली. गुलाबी टोकं उडताना दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

कारखान्यात बायांनी तिला पाहून हात थांबवले. “हे काय, गेली नाहीस?”

“सामान जास्त झालं,” रत्नाबाई पुडा भरत म्हणाली. “म्हणून मीच उतरले.”

सगळ्या खो खो हसल्या आणि तीही हसली. संध्याकाळी तिनं घरोघर नारळाच्या वड्या पोचवल्या, देव्हाऱ्यातल्या सुपारीला फूल वाहिलं आणि दिव्यात तेल घातलं. घर फार शांत होतं. माजघरात तांदळाचं पोतं अजून आडवंच पडलेलं होतं. ती त्यावर बसली, दोन्ही पाय डावीकडं सोडून, आणि उजव्या हातानं खांबाला धरलं.

“चित्रदुर्ग आलं असेल काय गं?” तिनं सुपारीला विचारलं, आणि स्वल्प कलली.