धाकट्याची ठमी

ठमीला घरात आणलं धाकट्या दिराने, आणि सांभाळायची वेळ आली वहिनीवर.

दीर पाळीव प्राण्यांच्या दुकानात कामाला होता. मासे, पोपट, ससे भराभर विकले जायचे. ही पिवळी, ठिपक्याठिपक्यांची पाल मात्र तशीच पडून होती. जन्मापासून तिची नजर अधू. समोर किडा सोडला की ती झेपावायची भलतीकडेच, आणि तोंड आपटायची काचेवर. मालक म्हणाला, हिला कोण नेणार, किती दिवस पोसायची? त्याच संध्याकाळी दिराने तिला लोकरी टोपीत गुंडाळून घरी आणलं.

वहिनी हॉटेलच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून नुकतीच टेकली होती. टोपीतून तोंड बाहेर आलं तशी ती खुर्चीवरच उभी राहिली. "लोक पाल दिसली की झाडू शोधतात, आणि तू पाळायला आणतोस?"

"वहिनी, बघ तरी. हिला पापण्या आहेत."

पालीने खरोखरच सावकाश डोळे मिटले आणि उघडले. वहिनी खाली उतरली.

ती या घरात आली तेव्हा दीर शाळेत होता आणि सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. त्याच्या डोक्यातल्या उवांपासून नापास झालेल्या गणितापर्यंत सगळं तिनेच निस्तरलं होतं. त्याच्या हट्टापुढे आपलं काही चालत नाही, हे तिला पाठ होतं. शेपूट जाडजूड, म्हणून पालीचं नावही तिनेच ठमी ठेवलं. मोठा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, बस चालवायचा. आपण त्या भानगडीत पडणार नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं.

पुढे दिराला मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. निघण्याआधी त्याने वहिनीला शेजारी बसवून सगळं शिकवलं. अळी चिमट्यात धरायची. आधी चिमटा फरशीवर हलकेच वाजवायचा, मग अळी तिच्या नाकापाशी न्यायची आणि थांबायचं. घाई केली की ती बावरते. दिव्याचा झोत तिच्या काचेच्या पेटीवर येऊ द्यायचा नाही, उजेड तिला सोसत नाही. पेटीतला दगड, लपायची डबी जागची हलवायची नाही, कारण ती चाचपडत चाचपडत सगळं ओळखीचं करून ठेवते. आणि कात टाकली की डोळ्यांभोवती कातडं अडकलंय का, ते न चुकता बघायचं.

जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन यायचा, आणि पहिला प्रश्न, ठमी जेवली का? मोठा भाऊ कुरकुरायचा, माझी चौकशी पालीच्या नंतर. पण दोन-चार दिवस फोन आला नाही की वहिनीआधी त्याचाच जीव खालीवर व्हायचा.

मग एका सकाळी फोन आला तो जहाज कंपनीतून. वादळात डेकवरचं सामान बांधायला सगळ्यांना बोलावलं होतं, त्यात तो होता. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. शोध घेतला, काही हाती लागलं नाही.

मोठ्या भावाने फोन ठेवला, गणवेश चढवला आणि तो बस चालवायला गेला. त्यानंतर कोणी विचारलं की तो एकच वाक्य बोलायचा, "अजून काही सापडलेलं नाही." शेजारणी आल्या की हेच. धाकट्याच्या अंथरुणाला त्याने हात लावू दिला नाही. ऋतू बदलले तरी त्याचं वाक्य बदललं नाही, आणि वहिनीला ते मोडवेना. तिला जे म्हणायचं असे ते ती ठमीपाशी म्हणायची. चिमटा वाजवायची, ठमी मान वर करायची, आणि वहिनी हळू आवाजात सांगायची, "तो नाही येणार गं आता. मीच आहे."

थंडी सरता सरता ठमीने कात टाकली आणि डोळे उघडलेच नाहीत. वहिनीने ओल्या कापसाने पुसून पाहिलं, पण कातडं आत चिकटलं होतं. ती तिला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे धावली. डॉक्टरने कातडं काढलं, थेंब दिले, पण आत पू धरला होता. होती तेवढी नजरही गेली. मग चिमटा वाजवला तरी ठमी तोंड फिरवू लागली. अळीचा रस करून वहिनी तिच्या ओठांना लावायची, कधी ती चाटायची, कधी नाही. जाडजूड शेपूट दोरीसारखं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाली, तुम्ही काही करायचं ठेवलं नाहीत. आता तिचे नुसते हाल आहेत, सोडवा तिला.

घरी येऊन वहिनीने नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. त्याने मान वर न करताच विचारलं,

"तो आल्यावर त्याला काय सांगायचं?"

वहिनी त्याच्यासमोर बसली. "अहो, तो येणार नाही."

त्याने सुरी खाली ठेवली. ती ओरडेल, रडेल, असं काहीतरी त्याला अपेक्षित असावं. तिने सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली. मग तो उठला, साबणाने हात स्वच्छ धुतले आणि विचारलं, ठमीला धरायचं कसं?

दुसऱ्या दिवशी त्याने बसची पाळी बदलून दुपारची घेतली आणि तो गणवेशातच निघाला. दवाखान्यापर्यंत ठमी त्याच्याच ओंजळीत होती, आणि सुई टोचली तेव्हाही. तिने त्याच्या अंगठ्यावर हनुवटी टेकली, आणि मग ती हनुवटी जड झाली. डॉक्टरने हात पुढे केला, तरी त्याने ओंजळ सोडली नाही.

इमारतीच्या मागे भिंतीलगत जरा माती होती. तिथे त्याने खुरप्याने खणायला घेतलं. वीतभर पुरलं असतं, पण तो खणतच राहिला. कोपरापर्यंत हात आत गेला. वहिनी म्हणाली, पुरे आता. त्याला ऐकू गेलं नसावं. शेवटी तिने खुरपं काढून घेतलं, तेव्हा त्याने ठमीला आत ठेवलं, मूठभर माती टाकली, आणि दुसरी मूठ भरताना त्याचा बांध फुटला.

"एवढंसुद्धा करता आलं नाही गं मला त्याचं," तो म्हणाला. "एक मूठ माती नाही."

वहिनीने त्याचं डोकं पोटाशी धरलं. उरलेली माती तिनेच एका हाताने लोटली.

वरच्या मजल्यावरची म्हातारी शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबली होती. तिने वरूनच विचारलं, काय झालं, पाल गेली का?

त्याने गणवेशाच्या बाहीने तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

"माझा भाऊ गेला, मावशी."

शेजारणीला ते कधीपासून ठाऊक होतं. तिने हातातला ओला कपडा तसाच दांडीवर टाकला, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आली, आणि त्या दोघांच्या शेजारी जमिनीवर बसली.