दामिजानेला पाहुणा हवा

मी एक जुनी दामिजाना आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. मी राजकन्या नाही, बरणी आहे. जाड हिरवी काच, अरुंद गळा, आणि पोट पंगतीत दोनदा बसलेल्या माणसासारखं. अंगात वेताचा झगा. माझा जन्म मॅसिडोनियातला. तिथे नेगोतिनो नावाच्या गावात घरोघरी द्राक्षं पिकतात आणि घरोघरी वाइन होते. आमच्या घरची माझ्या पोटात व्हायची.

आमच्या घराचा एक नियम होता. सप्टेंबरात द्राक्षं पिळायची, हिवाळाभर रस मुरू द्यायचा आणि फेब्रुवारीत, संत त्रिफुनच्या सणाला, पहिला पेला बाहेरच्या पाहुण्याला द्यायचा. घरच्यांचं कौतुक धरायचं नाही. पाहुणा ‘वा’ म्हणाला, की ते वर्ष जमेस लागलं. युद्ध आलं तरी आमचं वर्ष कधी चुकलं नाही. एकदा कुणीच मिळेना, तेव्हा पोस्टमनला अडवून पाजली होती. त्या दिवशी सगळ्या गावाची पत्रं एकाच घरात पडली.

माझ्या मालकाचं नाव ब्लागोया. सगळे त्याला देदो म्हणतात. देदो म्हणजे आजोबा. त्याचा मुलगा गोरान भूकंपात न पडणाऱ्या इमारतींचा अभ्यास करतो. २०११च्या भूकंपानंतर जपानमधल्या सेंदाईला अशा माणसांची गरज होती, म्हणून तो तिकडे गेला. पुढे आजी वारली आणि त्याने देदोलाही बोलावून घेतलं. देदोने सोबत दोन शर्ट, एक सूट आणि मला घेतलं. विमानात मी त्याच्या मांडीवर होते. हवाईसुंदरीने मला वेगळा पट्टा बांधला.

सेंदाईत पोचल्यावर पुन्हा पट्टाच. भूकंपाच्या भीतीने तिथे कपाटंसुद्धा भिंतीला बांधतात. मलाही चपलांच्या रॅकशेजारी भिंतीला बांधून टाकलं. काही गुन्हा न करता.

सप्टेंबर आला तसा देदो द्राक्षं आणायला निघाला. गोरानने त्याला दारातच अडवलं. वडिलांना तो ताता म्हणतो.

“ताता, इथे घरी वाइन करायला कायद्याने बंदी आहे. पोलीस येतील.”

“येऊ देत की. बाहेरचेच ना? पहिला पेला त्यांनाच देऊ.”

“ताता, माझी नोकरी जाईल.”

देदो दारातून परत फिरला. त्याने मला गरम पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं आणि नळाखाली धरून काठोकाठ पाण्याने भरलं. वर मक्याच्या कणसाचं बूच. हिवाळ्यात ते पाणी नळीने काढून, मला विसळून, परत माझ्यातच ओतलं. का, तर वाइन गाळावरून काढायची असते. पाण्याला गाळ नव्हता. देदो म्हणाला, “यंदा फार स्वच्छ उतरली.”

मित्रांनो, पोटात नुसतं पाणी घेऊन हिवाळाभर मुरण्याचं सोंग करून बघा. फार एकटं वाटतं.

फेब्रुवारीत देदो सूट घालून पेला घेऊन निघाला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून वाकून नमस्कार केला. देदोही वाकला. ते पुन्हा वाकले. असं बराच वेळ चाललं आणि दोघं आपापल्या घरी गेले. पेला भरलेलाच. पुढच्या वर्षी जिन्यात एक बाई भेटल्या. त्यांनी आभार मानून पाणी कुंडीला घातलं. झाडाचं मत धरत नाहीत. अशी वर्षं चुकत गेली आणि देदोचं बोलणं कमी होत गेलं.

मग शेजारी उत्तरा राहायला आली. मूळची नाशिकची, गोरानच्याच विद्यापीठात संशोधन करणारी. आमची भिंत इतकी पातळ, की ती घरच्यांशी फोनवर बोलायची ते ऐकून मी मराठी शिकले. त्या हिवाळ्यात तिचे वडील बाळासाहेब आले. तीन स्वेटर घालून. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस.

सणाच्या दिवशी उत्तरा लॅबमध्ये असताना देदोने त्यांची घंटा वाजवली. बाळासाहेबांनी पेला पाहिला, दोन्ही कान धरले, “नको रे बाबा!” म्हणाले आणि दार लावून घेतलं.

देदो माझ्यासमोर येऊन बसला. संध्याकाळी गोरान आला, तरी तसाच.

“त्या माणसाने कान धरले. इतकी वाईट झाली.”

“ताता, पाणी आहे ते.”

“मग पाणी वाईट झालं. टाकून दे हिला. आपलं संपलं.”

गोरानने बरंच समजावलं. शेवटी, मोठी वस्तू कचऱ्यात टाकताना तिथे लावावं लागतं ते स्टिकर आणून माझ्या पोटावर चिकटवलं. कचऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. उत्तराला जिन्यात गाठून त्याने सगळं सांगितलं, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून आवाज आला.

“बाबा, शेजारच्या आजोबांना नाही म्हणालात?”

“मग काय म्हणू? भरदिवसा दारू घेऊन माणूस दारात! तीही बिनरंगाची. ती तर जास्त कडक.”

“अहो, नळाचं पाणी होतं!”

“पाण्यासाठी टाय लावतं का कुणी?”

मग उत्तराने त्यांना आमचा नियम सांगितला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाळासाहेब म्हणाले, “माझा मफलर दे.”

देदोने दार उघडलं. बाळासाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. देदोने पेला भरला. बाळासाहेबांनी तो एका दमात रिकामा केला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा!”

तेवढं पुरेसं होतं. पण दारू चढलेला माणूस त्यांनी बहुधा फक्त नाटकातच पाहिला असावा. ते डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, चपलांच्या रॅकला “नमस्कार वहिनी” म्हणाले आणि बुटांच्या ढिगात बसले. दारातून उत्तरा ओरडली, “बाबा, पुरे!”

“तू गप गं. मला चढली आहे.”

देदोला मराठीचं एक अक्षर कळत नाही. पण तो असा हसला, की माझा पट्टा हलला. मग त्याने नखाने माझं स्टिकर खरवडून काढलं. ते वर्ष लागलं.

एप्रिलमध्ये बाळासाहेब नाशिकला परतले. उत्तराला टोकियोत नोकरी लागली, ती तिथल्या एदोगावा भागात राहायला गेली. नवा शेजारी पहाटे जातो, झोपायला येतो. भिंतीपलीकडे आता मराठी नाही. ती विसरू नये, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. देदो अजून दर सप्टेंबरात मला भरतो. गोरान म्हणतो, “आम्ही पितो ना, ताता.” देदो म्हणतो, “तुम्ही घरचे.”

मित्रांनो, अनोळखी माणसाने दिलेलं काही पिऊ नये, हे तुमच्या आईचं अगदी बरोबर आहे. पण मोठे व्हाल तेव्हा एखादा म्हातारा सूट घालून दारात उभा राहिला, तर पेल्यात काय आहे याआधी तो का उभा आहे ते बघा. आणि सेंदाईला आलात तर तिसरा मजला, शेवटचं दार. घंटा वाजवू नका, देदोला आता ती ऐकू येत नाही. दार ठोका. जोरात ठोका.