चढाई चालू असताना

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझी तार कापलेली आहे, जाळीला पोचे आलेले आहेत. पण कान अजून शाबूत आहेत, म्हणून हे सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून मला आगगाडीने पाठवलं आणि जलंबला गाडी बदलून मी खामगावात उतरलो. गावाबाहेर, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडे, मध्यम लहरींचं एक चिमुकलं रेडिओ केंद्र होतं. त्यावर संध्याकाळी फक्त खेळ असायचे. कबड्डी, खो-खो, कुस्त्या, बैलजोड्यांच्या शर्यतींचे शंकरपट. मोठ्या शहरांचे सामने सांगायला मोठी केंद्रं होती. आम्ही आपल्या गावच्या पोरांची नावं घ्यायचो.

माझ्यासमोर बसायचा संघपाल. शेतकऱ्याचा मुलगा, आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातला घास तसाच धरावा. पहिल्याच सामन्यात वाऱ्याने माझी फजिती केली. नुसतं घों-घों! तेव्हा संघपालच्या आईने, केसरबाईंनी, घरचा कापूस मलमलीत भरून मला टोपी शिवली. त्या वर्षी त्यांच्या वावरात पहिल्यांदा कपाशीचं नवं बीटी बियाणं होतं. बोंडं टपोरी फुटली होती. "आता अळीची कटकट गेली बाप्पा," असं म्हणत त्यांनी टाका घातला होता. ती उबदार टोपी घालून मी गावोगाव फिरलो.

खेळाच्या अधेमधे आम्ही खेड्यापाड्यांचे निरोपही सांगायचो. एकदा ऐन चढाईत संघपालने कुणाच्या तरी हरवलेल्या बैलाचा निरोप वाचला आणि जिंकणारा गुण सांगायचा राहिला. दुसऱ्या दिवशी माणसं केंद्रावर चालून आली. "बैल सापडला, पन पॉइंट हरवला ना बे तुह्या पायी!" सगळे हसले. पण केंद्रप्रमुख वामनरावांनी त्या दिवशी नियम केला: चढाई चालू असताना निरोप नाही. हळूहळू तो नियम लहान पोरांनाही पाठ झाला.

वर्षं गेली. अळी परत आली, गुलाबी होऊन, बोंडाच्या पोटात लपून. औषधांवर औषधं आली. एका साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली. फवारा वर मारला की थेंब तोंडावरच पडायचे. संघपालचे वडील सहदेवबाबा पाठीवर पंप आणि गळ्यात छोटा रेडिओ अडकवून फवारायचे. रेडिओ नीट ऐकू यावा म्हणून तोंडा-कानाचा शेला सोडून ठेवायचे. संघपाल रागवायचा. ते म्हणायचे, "तुहा आवाज आला का थकवा नाई वाटत मले."

त्या संध्याकाळी नांदुऱ्याला कबड्डीचा अंतिम सामना होता. सामना बरोबरीत सुटला आणि निकालासाठी जादा चढाया सुरू झाल्या. संघपाल उभा राहून बोलत होता, शेजारी वामनराव बसले होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत खुर्शीदा आली. ती संघपालच्याच, नांदुऱ्याजवळच्या गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. धावून धावून तिचा ऊर धपापत होता.

"वामनरावभाऊ, रेडिओवर सांगा लवकर! फवारनारे पडून राह्यले वावरात. तिघं दवाखान्यात नेले. म्हना, पंप खाली ठेवा अन् घरी या."

"सांगतो ताई. एवढ्या चढाया होऊ द्या."

"भाऊ, पन..."

"चढाई चालू आहे ना, ताई!"

गलक्यात संघपालला यातलं काही ऐकू गेलं नाही. कुणीतरी शेजारी आलंय एवढंच त्याला दिसलं. त्याने नेहमीसारखा तळहात दाखवला: थांबा. आणि खुर्शीदा थांबली. नियम तिलाही पाठ होता. माझ्याजवळ उभी राहून ती धापा टाकत राहिली, चढायांमागून चढाया झाल्या. मी सगळं ऐकलं होतं, मित्रांनो. पण माझ्या पोटातलं मला उच्चारता येत नाही. माझ्यात कुणी बोलेल तेवढंच माझं. तिची धाप मात्र मी इमानाने साऱ्या तालुक्यात पोचवली.

सामना संपला. खुर्शीदाचा निरोप सांगता सांगता संघपालला वावरातले वडील आठवले. "बाबा," तो माझ्यात म्हणाला, "बाबा, पंप ठेवा खाली."

सहदेवबाबा तेव्हा पऱ्हाटीत आडवे झालेले होते. छातीवर रेडिओ बोलत होता, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

जीव वाचला. डोळे गेल्यातच जमा. दवाखान्यात खुर्शीदा भेटायला गेली तेव्हा ते म्हणाले, "बाई, ते धाप तुही व्हती? मले वाटलं, चढाईवाल्याचा दम हाय. म्हनलं, काय पोट्टा हाय! म्हनून हात चालूच ठेवला म्या." खुर्शीदाने पदरात तोंड लपवलं. वामनराव दाराबाहेरच उभे राहिले. त्यांना आत जाववलं नाही.

पुढे लोक मोबाईलवर सामने पाहू लागले. केंद्र बंद पडलं, मनोरा भंगारात गेला. मला कुणी विचारलं नाही. संघपालने तेवढं मला उचलून घरी आणलं.

आता मी सहदेवबाबांच्या मांडीवर असतो. समोरच्या अंगणात तुमच्यासारखीच मुलं कबड्डी खेळतात आणि बाबा आवाजावरून खेळ सांगतात. माझ्यात बोलतात, पण ते कुठेही जात नाही. मधूनच कुणाची धाप ऐकू आली की त्यांची बोटं माझ्या टोपीवर घट्ट होतात. "थांबा रे पोट्टेहो," ते म्हणतात, "कोन हाय ते? काय झालं, पुसा आधी." बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. मुलं खिदळतात आणि पुन्हा खेळतात.

हसा खुशाल, मित्रांनो. पण तुमच्या खेळाच्या कडेला कुणी धापा टाकत आलं, तर गुण राहू द्या, चढाई राहू द्या. आधी जवळ जाऊन विचारा.

मला ऐकू येतं, पण विचारता येत नाही. तुम्हाला येतं.