मूळची जमीन

भाऊजी ते वाक्य बोलले तेव्हा क्लबात सतरा माणसं होती आणि सतराच्या सतरा हसली. शेडकार्डने ती मोजली.

शेडकार्ड म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. रंगांच्या दुकानात रंग मिसळून द्यायचं काम तो वीस वर्षं करत होता, आणि गिऱ्हाइकाने भिंतीचा पोपडा आणून दिला की डब्याकडे न बघता छटेचा नंबर सांगायचा, म्हणून हे नाव पडलं. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, कंप्युटरवर आगगाडी चालवायच्या गेमवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष, आणि बोलायला लागले की समोरच्याला खुर्ची शोधायला लावणारे गृहस्थ. या दोघांनी मिळून चार वर्षं खपून गेमसाठी एक अख्खा मार्ग तयार केला होता. कधीच बंद पडलेली सत्तेचाळीस किलोमीटरची लाइन, जिच्या शेवटच्या स्टेशनावर ताईचे आणि शेडकार्डचे बाबा स्टेशनमास्तर होते.

मार्ग पुरा झाला, रविवारी सगळ्यांना दाखवायचं ठरलं, फलक छापून आला. फलकावर एकच नाव होतं. कुणाचं ते सांगायला नकोच.

"भाऊजी, माझं नाव राहिलं वाटतं," शेडकार्ड म्हणाला. जावयाशी वाद घालायचा नाही हे आईने त्याच्या अंगात भिनवलं होतं, त्यामुळे आवाज अगदी मऊ.

"अरे, रूळ मी टाकले, सिग्नल मी लावले, पूल मी बांधले," भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता जमिनीचं म्हणशील, तर जमीन काय, ती गेमची मूळचीच असते! तू जरा हात फिरवलास. आता माळ्याचं नाव घरावर लावतात का?"

तेव्हा ती सतरा माणसं हसली.

शेडकार्डही हसला. घरी जाऊन मात्र तो तीन दिवस धुमसत होता. हात फिरवला म्हणे! गेममध्ये नवा मार्ग उघडला की सगळीकडे एकच जमीन पसरलेली असते, मळकट हिरवी, कुठल्याही देशातली नसलेली. तिच्या चौकोनाचौकोनावर त्याने रंग चढवला होता. नांगरलेल्या शेताचा काळा, नदीकाठच्या वाळूचा करडा, इंजिनं जिथे थांबत तिथला कोळशाच्या भुकटीचा, आणि वैशाखातल्या गवताचा तो पिवळा, जो त्याने अकरा वेळा केला आणि अकरा वेळा पुसला. दर सुट्टीला तो त्या जुन्या लाइनीवर जाऊन मातीचे फोटो काढायचा. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे त्याला माहीत होतं, पण वर हा नागोबा बीळ कुणी खणलं हेच विचारू देत नाही, हे नवीन होतं.

फक्त एक तुकडा त्याचा नव्हता. शेवटचं स्टेशन आणि त्याचं यार्ड. "ते मी करतो," भाऊजींनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. "सासऱ्यांचं स्टेशन आहे. एकेक खडी हाताने रंगवीन. आणि उद्घाटनापर्यंत कुणाला दाखवणार नाही." त्या फायली त्यांनी पेनड्राइव्हवर स्वतःपाशीच ठेवल्या, शेवटच्या आठवड्यात क्लबच्या कंप्युटरवर चढवल्या. ताई हे सांगताना डोळ्यांना पदर लावायची. शेडकार्डलाही तेव्हा भाऊजींबद्दल बरं वाटलं होतं, आणि आता त्याच गोष्टीचा त्याला सर्वांत जास्त राग येत होता.

चौथ्या दिवशी दुकानात पिवळा मिसळता मिसळता त्याला उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की तो एकटाच हसला.

ती मूळची जमीन म्हणजे गेमच्या पोटातलं एक चित्र असतं. एकच फाइल. जिथे कुणी हात लावलेला नाही तिथे गेम तेच चित्र अंथरतो. त्या नावाने दुसरं चित्र ठेवलं, की न रंगवलेली सगळी जमीन एका फटक्यात बदलते. रंगवलेल्या जमिनीला मात्र धक्का लागत नाही. जमीन मूळचीच आहे ना भाऊजी? मग दाखवूच या मूळची किती आणि हाताची किती.

त्याने गुलाबी निवडला. साधासुधा नाही, हिरडीसारखा ओला, दुकानात कुणी फुकटही नेणार नाही असा. निवडताना त्याला फार सुख झालं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी प्रोजेक्टर जोडायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडेच होतं. तो तासभर आधी गेला, फाइल बदलली, तारा गुंडाळल्या आणि खुर्च्या मांडल्या. दहापर्यंत खोली भरली. ताई पहिल्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून, बाबांचा फोटो पर्समध्ये घेऊन. भाऊजींनी भाषण केलं. भाषणात शेडकार्डचा उल्लेख 'सहकार्य' या एका शब्दात उरकला.

"एक विनंती आहे," शेडकार्ड उभा राहिला. "मूळची जमीन ओळखू यावी म्हणून मी ती आज गुलाबी केलीय. भाऊजी म्हणतात, सगळी जमीन मूळचीच आहे. म्हणजे सगळं गुलाबी दिसेल. बघू या."

लोकांना ही गंमत वाटली. भाऊजींनाही क्षणभर वाटली असावी. मग त्यांचा हात कीबोर्डवर थबकला. "आज नको. आज नुसता ट्रेलर दाखवू."

"चालवा हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

गाडी सुटली. पहिला किलोमीटर गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. काळं शेत, करडी वाळू, पिवळं गवत. गुलाबीचा ठिपका नाही. वीस किलोमीटरपर्यंत खोलीत कुजबुज सुरू झाली. एका टेकडीमागे बोटभर गुलाबी चमकलं. "ते माझं राहिलं," शेडकार्ड म्हणाला, आणि लोक हसले, पण या वेळी त्याच्या बाजूने. "हे सगळं याने केलंय?" क्लबच्या सेक्रेटरीबाई मोठ्याने म्हणाल्या. चाळिसाव्या किलोमीटरला टाळ्या पडल्या. शेडकार्डने भाऊजींच्या मानेकडे पाहिलं. ती लाल झाली होती, आणि त्या लालचा नंबरसुद्धा त्याला सांगता आला असता.

त्याच्या हिशेबाने सूड इथे पुरा झाला होता. यार्ड आलं की भाऊजींची रंगवलेली खडी दिसेल, थोडी त्यांचीही वाहवा होईल, होऊ दे.

गाडी शेवटच्या वळणावरून आत शिरली आणि अख्खा पडदा गुलाबी झाला.

फलाटाखाली गुलाबी, रुळांमध्ये गुलाबी, पाण्याच्या टाकीभोवती, बाबांच्या क्वार्टरच्या अंगणात, सगळं गुलाबी. एकही चौकोन रंगवलेला नव्हता. मळकट हिरव्यावर नुसतीच स्टेशनाची इमारत ठेवली होती, आणि आज गुलाबी अंथरला नसता तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कुणीतरी फिसकन हसलं, आणि ताई उभी राहिली.

"इथे तर काहीच केलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, फाइल चढवताना काहीतरी गडबड..."

"दोन वर्षं दर शनिवारी तुम्ही क्लबात यायचात. यार्ड रंगवायला. दुपारी एकला निघून सातला परत." तिने वळून भावाकडे पाहिलं. "आणि तू असायचास ना रे बरोबर? हे सांगायचे, मी यार्ड रंगवतो, तो शेजारी बसून शेतं रंगवतो म्हणून."

शेडकार्डला हे पहिल्यांदाच कळत होतं. शनिवारी दुपारी तो दुकानात असायचा. भाऊजी त्याच्याकडे बघत होते. चार वर्षांत त्यांनी त्याच्याकडे काही मागितल्यासारखं कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहत होते. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. फायली उडाल्या असतील, म्हणायचं होतं. ताईने लगेच मानलं असतं, तिला मानायचंच होतं.

पण त्याला ते सतरा जणांचं हसू आठवलं, आणि या माणसाला आता सोडायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात उरलं.

"नाही ताई," तो म्हणाला. "मी एकदाही नव्हतो." आणि जिभेवर ते गोड लागलं.

भाऊजी खाली बसले. ताई मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती भावाकडेच बघत होती, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"मी डबा दोघांचा द्यायचे," ती म्हणाली. "तुला तिखट सोसत नाही म्हणून तुझा वेगळा करायचे. दर शनिवारी तोही रिकामा यायचा. मग तो खायचं कोण?"