हुंकार

आकडा उच्चारला की बैठकीतलं टेबल हातभर वाढतं, हे सुनयना मडावीला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नवी रसायनतज्ज्ञ होती. खात्री करावी म्हणून तिने टेप लावून मोजून पाहिलं. दशांश आला तर दीड हात.

आज एका शाळेचा हातपंप बंद करायचा होता. त्याला अलोणे साहेबांची सही हवी होती. तिने पंपाच्या पाण्यात फ्लोराइड किती ते सांगितलं, टेबल वाढलं. किती चालतं ते सांगितलं, आणखी वाढलं. तक्ता वाचून संपला तेव्हा पलीकडच्या टोकाला साहेब काडेपेटीएवढे दिसत होते. तिने फाइल सरकवली, ती वाटेतच थांबली.

चहा घेऊन गेडामकाका आले. प्रयोगशाळेत ते शिपाई, हंगामात झाडीपट्टीच्या नाटकातले राजे. साहेबांचा चहा पोचेपर्यंत निवणार, हे त्यांनी नजरेनेच मोजलं.

"आकडे कायले फेकता, मॅडम? माणूस सांगा," ते हळूच म्हणाले. "अन् समोरच्यानं 'हं' म्हटल्याबिगर पुढं जाऊ नका. पण एकदा 'हं' भेटला, का मंग थांबता येत नाई."

सुनयनाने तक्ता पालथा घातला.

"एक मुलगी आहे, सर. त्याच शाळेत शिकते."

ती थांबली. बऱ्याच वेळाने दुरून आवाज आला, "हं."

टेबल हातभर आखडलं. तिने मनात नोंद केली आणि पुढे गेली. मुलगी हसताना तोंडावर हात धरते. हं. तिच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. हं. फाइल साहेबांच्या कोपराला लागली. त्यांनी पेन उघडलं आणि ते हनुवटीला टेकवून ऐकत राहिले.

"मधल्या सुट्टीत ती पंपावर जाते."

"हं."

टेबल आता पाटाएवढं उरलं होतं. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. मधे ती मुलगी मांडी घालून बसली होती. हातात पंपाच्या पाण्याने भरलेला पेला.

"सर, सही," सुनयना म्हणणार होती. तोंडातून आलं, "ती पेला उचलते."

"हं," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. पेन हनुवटीलाच होतं. "मग?"

मुलीने पेला ओठांना लावला आणि सुनयनाकडे पाहिलं.